गोळी जुनी, पोट नवे

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी पर्समधून थायरॉइडच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येक पट्टीच्या मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेनने बारीक तारखा लिहिलेल्या होत्या. एकही दिवस सुटलेला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी त्यांची गॅस्ट्रिक बायपासची शस्त्रक्रिया झाली होती. वजन चांगले उतरले होते, इन्सुलिन बंद झाले होते, पण टीएसएच वाढत वाढत चौदावर गेला होता. जिथे जातील तिथे त्यांना एकच विचारले जाई, गोळी चुकते का? म्हणून हा पुरावा. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, गोळी पोटात जाते हो. पुढे तिचं काय होतं ते तुम्ही सांगा."

मला सांगता आले नाही. थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला जठरातले आम्ल लागते आणि बायपासनंतर ते फार थोडे उरते, हे एक कारण असू शकत होते. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या कायमच्या सुरू होतात आणि त्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, हे दुसरे. शोषणाला मिळणारे आतडे आखूड झाले, हे तिसरे. वजन उतरल्यावर औषधाची गरजही बदलते, हे चौथे, आणि ते उलट्या दिशेने ओढणारे. यातल्या कोणाचा वाटा किती, हे मी अंदाजानेच म्हणू शकत होतो. आम्ही कॅल्शियम चार तास पुढे ढकलले, टीएसएच थोडा उतरला. मग डोस वाढवला. वर्षभराने तो पुन्हा कमी करावा लागला.

हे पुस्तक त्या बाईंच्या प्रश्नाचे आहे. गोळी पोटात गेल्यावर तिचे काय होते याचा हिशेब संगणकावर कसा मांडायचा, आणि पोटाची रचनाच बदलली असेल तर तो हिशेब कसा बदलायचा, हा त्याचा विषय. मराठीत यावर सलग लेखन माझ्या पाहण्यात नाही. म्हणून नव्या वाचकासाठी आधी मैदान दाखवतो.

सुरुवात शस्त्रक्रियेपासून करायला हवी, कारण 'वजन कमी करण्याचे ऑपरेशन' या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. 1954 मध्ये अमेरिकेत क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून टाकणारी शस्त्रक्रिया मांडली. वजन उतरले, पण पुढच्या वर्षांत यकृत निकामी होणे, मूतखडे, क्षारांची वाट लागणे असे इतके पुढे आले की ती सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले होते की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचे वजन वाढत नाही. त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी 1966 मध्ये गॅस्ट्रिक बायपास केली. तिचे आजचे रूप असे : जठराच्या वरच्या टोकाला सुमारे 30 मिलिलिटरची छोटी पिशवी उरते आणि तिला थेट मध्यांत्राचा एक फाटा जोडला जातो. उरलेले जठर, ग्रहणी आणि मध्यांत्राची सुरुवात पोटातच राहते, पण अन्न तिथून जात नाही. तिथून फक्त पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहतो आणि तो बराच खाली, दोन फाटे मिळतात तिथे अन्नाला भेटतो. इंग्रजी वाय अक्षरासारख्या या जोडणीला सेझार रू या स्विस शल्यविशारदाचे नाव आहे. 1994 पासून ती दुर्बिणीने होऊ लागली आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला.

स्लीव्हची गोष्ट वेगळी. तिच्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि उरते केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला हात लागत नाही. फार धोक्याच्या रुग्णांसाठी मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून ती सुरू झाली होती, आणि पुढे तिच्यावरच भागते असे दिसल्यावर स्वतंत्रपणे उभी राहिली. तिसरी, एकाच जोडाची बायपास, रटलेज यांनी 1997 मध्ये सुरू केली. आपल्याकडे स्लीव्हच्या बरोबरीने तीही पुष्कळ केली जाते, आणि तिच्यात बहुधा दीड ते दोन मीटर आतडे वगळले जाते. औषधाच्या दृष्टीने ही तीन वेगळी पोटे आहेत. डिस्चार्ज कार्डावर नुसते 'बॅरिॲट्रिक सर्जरी' लिहून देणे म्हणजे पत्त्यात फक्त जिल्हा लिहिण्यासारखे आहे.

आता गोळी. ती फुटली पाहिजे, औषध विरघळले पाहिजे, विरघळलेले आतड्याच्या भिंतीतून पार गेले पाहिजे, भिंतीतल्या आणि मग यकृतातल्या एन्झाइमांच्या तावडीतून सुटले पाहिजे, तेव्हा कुठे ते रक्तात पोहोचते. शस्त्रक्रिया यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीला हात घालते. पिशवीत आम्ल थोडे असल्याने सामू चढतो. आम्लात विरघळणारी औषधे मागे पडतात, उलट स्वभावाची पुढे सरकतात. आम्लात टिकावे म्हणून लेप दिलेल्या गोळीचा लेप भलत्याच ठिकाणी सुटू शकतो. पित्त उशिरा भेटते, त्यामुळे चरबीत विरघळणाऱ्या औषधांना पाण्यात मिसळायला मदत उशिरा मिळते. पातळ पदार्थ पिशवीतून झर्रकन आतड्यात उतरतात. बायपासनंतर मद्य लवकर चढते ते यामुळेच. आणि दिवसभर हळूहळू झिरपावी म्हणून बनवलेली गोळी पुरेसे आतडे नसेल तर अर्धवट काम करून पुढे निघून जाते. अशी गोळी कुटून घ्यायची नसते, हे रुग्णाला कोणीतरी आवर्जून सांगावे लागते. गिळायला सोपे जावे म्हणून ती कुटणारे मी पाहिले आहेत. कुटली की दिवसभराचे औषध एकदम सुटते.

हे सगळे वाचून वाटेल की औषध नेहमी कमीच शोषले जाणार. तसे नाही, आणि या विषयाचा खरा अवघडपणा इथे आहे. कॅनडात अल्बर्टामध्ये पडवाल आणि सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा बायपास झालेल्यांत अझिथ्रोमायसिनचे रक्तातले एकूण प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. त्याच गटाने मेटफॉर्मिन मोजले, तर त्याची जैवउपलब्धता जवळजवळ 50 टक्क्यांनी जास्त निघाली. नॉर्वेत 2009 मध्ये स्कॉटहाइम आणि सहकाऱ्यांनी अटोर्वास्टॅटिन घेणाऱ्या बारा जणांना बायपासच्या आधी आणि नंतर तपासले. कोणाच्या रक्तातले औषध तिपटीने घटले होते, तर कोणाचे दुपटीने वाढले होते. औषध तेच आणि शस्त्रक्रियाही तीच.

अटोर्वास्टॅटिनचे कोडे थोडे जवळून पाहू, कारण संगणकी मॉडेलची गरज त्यातून सगळ्यात स्पष्ट कळते. या औषधाला आतड्याच्या भिंतीतले सीवायपी3ए4 नावाचे एन्झाइम मोठ्या प्रमाणात मोडून टाकते. हे एन्झाइम आतड्याच्या वरच्या भागात जास्त असते, आणि बायपास नेमका तोच भाग वगळते. म्हणजे औषधाची नासाडी कमी व्हायला हवी आणि रक्तातले प्रमाण वाढायला हवे. पण शोषणाचे क्षेत्रफळही त्याच भागाबरोबर गेले, म्हणजे प्रमाण घटायला हवे. दोन बले विरुद्ध दिशांना ओढत आहेत. कोणते जिंकेल हे त्या माणसात हे एन्झाइम आधी किती होते, त्याचे किती आतडे वगळले गेले, डोस किती होता यावर ठरणार. इथे शब्दांत कितीही युक्तिवाद केला तरी उत्तर मिळत नाही. आकडे घालून सोडवावे लागते.

असे आकडे घालण्याची कल्पना जुनी आहे. 1937 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे टॉर्स्टन टिओरेल यांनी औषध शरीरात कसे पसरते याची समीकरणे मांडली. शरीर म्हणजे रक्ताने जोडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात औषध येते किती आणि जाते किती याचा जमाखर्च. समीकरणे बरोबर होती, पण ती हाताने सोडवणे दुरापास्त होते. त्यांची कल्पना तीसेक वर्षांनी बिशॉफ आणि डेड्रिक या रसायन अभियंत्यांनी संगणकावर उचलली आणि खऱ्या अवयवांचे आकारमान व खरा रक्तप्रवाह घालून थायोपेंटल, मेथोट्रेक्सेट यांचे हिशेब केले. कारखान्यातल्या टाक्या आणि नळ्यांचा विचार करणाऱ्या माणसांना शरीर तसे दिसावे, हे मला नेहमीच सुंदर वाटत आले आहे.

आतड्याचा भाग मात्र बराच काळ कच्चा राहिला. 1950च्या दशकात ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने सामूवरून शोषण ठरते असे दाखवले आणि आम्लधर्मी औषधे जठरात शोषली जातात ही समजूत पक्की झाली. पण आतड्याच्या क्षेत्रफळापुढे जठर फिके पडते. ॲस्पिरिनसारखे औषधही मुख्यतः आतड्यातच शोषले जाते. हे क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढे असते असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. 2014 मध्ये स्वीडनमधल्या हेलँडर आणि फेंड्रिक्स यांनी ते पुन्हा मोजले आणि संपूर्ण पचनमार्गाचे मिळून सुमारे 32 चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टाएवढे निघाले. मॉडेलमध्ये कोणता आकडा घालतो याला किती महत्त्व आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी हेच उदाहरण देतो.

1995 मध्ये अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी विद्राव्यता आणि भिंत ओलांडण्याची क्षमता या दोनच कसोट्यांवर औषधांचे चार वर्ग पाडले. जगभरची औषधनियमनाची कार्यालये आजही ते वापरतात. पाठोपाठ त्याच मंडळींतल्या लॉरेन्स यू यांनी लहान आतडे सात कप्प्यांच्या माळेसारखे मांडले. औषध एका कप्प्यातून पुढच्यात सरकते आणि सगळा प्रवास सरासरी 199 मिनिटांत होतो. सात कप्प्यांची ही माळ हा या पुस्तकाचा कणा आहे. कारण एकदा आतडे कप्प्यांत मांडले की शस्त्रक्रियाही मांडता येते. पहिले दोनएक कप्पे वाटेतून काढा, जठराच्या कप्प्याचे आकारमान 30 मिलिलिटर करा, त्याचा सामू वाढवा, पित्त खालच्या कप्प्यात सोडा, एन्झाइमची बेरीज कमी करा, आणि गोळी पुन्हा पाठवा.

या माळेवर पुढे मोठी इमारत उभी राहिली. 2001 मध्ये आलेले एकॅट मॉडेल गॅस्ट्रोप्लस या संगणक प्रणालीत आहे, 2009 चे ॲडॅम शेफील्डमध्ये वाढलेल्या सिमसिपमध्ये. जर्मनीत बायरमध्ये तयार झालेले पीके-सिम आज मुक्तस्रोत आहे आणि विनामूल्य मिळते. आपल्याकडच्या महाविद्यालयांसाठी ही लहान गोष्ट नाही. 2012 मध्ये मँचेस्टरच्या दरविश आणि सहकाऱ्यांनी सिमसिपमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या आभासी रुग्णांचे गट उभे करून त्यांना वेगवेगळी औषधे दिली. भिंतीतले एन्झाइम, पारगम्यता आणि विरघळण्याचा वेग या तिघांच्या ओढाताणीतून वाढ किंवा घट ठरते, हे त्यांनी दाखवले. या क्षेत्रात येणाऱ्याने तो निबंध आधी वाचावा.

सगळे जण याच वाटेने जात नाहीत. शायनर आणि बील यांनी सॅन फ्रान्सिस्कोत घडवलेली परंपरा रक्ताच्या नमुन्यांपासून उलटी चालते. शेकडो रुग्णांचे थोडे थोडे नमुने घ्यायचे आणि माणसामाणसांतला फरक संख्याशास्त्राने उलगडायचा. या पद्धतीला आतड्यात काय घडले ते माहीत नसले तरी चालते, आणि ती क्वचितच मोठी चूक करते. पण ज्या शस्त्रक्रियेचे नमुने हाती नाहीत तिच्याबद्दल ती काही बोलू शकत नाही. तिसरी माणसे प्रयोगशाळेतली. 2005 मध्ये एका गटाने बायपासच्या पिशवीसारखे द्रव काचपात्रात बनवून 22 मनोविकारांच्या औषधांच्या गोळ्या विरघळवल्या. दहा कमी विरघळल्या, दोन जास्त. इस्रायलमध्ये बेन-गुरियन विद्यापीठातल्या दहान यांचा गट शस्त्रक्रियेआधी आणि नंतर जठरातला खरा सामू मोजून त्यात औषधे तपासतो आणि मग मॉडेलला देतो. माझा कल या तिसऱ्या पद्धतीकडे आहे. मोजलेला एक सामू गृहीत धरलेल्या दहा आकड्यांपेक्षा जास्त कामाचा असतो.

एका गोष्टीवर मी या पुस्तकाच्या लेखकांशीही वाद घातला. मॉडेलचे भाकीत मोजलेल्या आकड्याच्या निम्मे ते दुप्पट या मर्यादेत आले की या क्षेत्रात ते चांगले मानण्याची प्रथा आहे. कोलेस्टेरॉलच्या औषधाला ते चालेल. टॅक्रोलिमस, फेनिटॉइन, वॉरफेरिन, लिथियम यांना चालणार नाही. मूत्रपिंड बदललेल्या माणसात टॅक्रोलिमस निम्मे झाले तर ते मूत्रपिंड जाऊ शकते. अशा औषधांसाठी मॉडेलचे काम डोस सांगणे नाही. रक्त कधी आणि किती वेळा तपासायचे हे सांगणे, एवढेच. लेखकांनी ही मर्यादा ठळकपणे मांडली आहे याचा मला आनंद आहे.

दुसरी उणीव काळाची. बहुतेक मॉडेल्स शस्त्रक्रियेनंतरचे पोट एकाच क्षणात गोठवतात. प्रत्यक्षात उरलेले आतडे काही महिन्यांत जुळवून घेते, त्याचे उंचवटे वाढतात. चरबी घटते, यकृतातली चरबी आणि दाह उतरतो, तिथली एन्झाइमे पुन्हा कामाला लागतात. नॉर्वेतल्या त्याच मंडळींनी अटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांना काही वर्षांनी परत तपासले, तेव्हा आधीचे चित्र टिकले नव्हते. थायरॉइडच्या त्या बाईंचा डोस वर चढून खाली आला, तो याच प्रवाहात.

हे आत्ताच का वाचायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 24 टक्के स्त्रिया आणि जवळजवळ 23 टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातले मधुमेही 10.1 कोटी असल्याचे मांडले. भारतीयांसाठी 2009 च्या सहमतीने शस्त्रक्रियेचा उंबरठाही पाश्चात्त्यांपेक्षा खाली आणला : बीएमआय 37.5, आणि सोबत आजार असेल तर 32.5. पुणे, मुंबई, नागपूरच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावातला फॅमिली डॉक्टरही आता अशा रुग्णाला पॅरासिटामॉल आणि अँटिबायोटिक लिहून देतो आहे. 2025 च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइडची इंजेक्शने भारतात आली. ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी सुरुवातीचे आणि डोस वाढवल्यानंतरचे चार आठवडे दुसरा उपायही वापरावा असे त्या औषधाच्या माहितीपत्रकात लिहावे लागले. म्हणजे कात्री न लावताही पोट बदलते आहे, आणि तोच हिशेब तिथेही लागणार आहे.

आपल्या शरीराचाही प्रश्न आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचे आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय 22.3; युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2. चरबीत साठणाऱ्या औषधाला हा फरक फार मोठा आहे. आभासी रुग्ण युरोपातल्या मोजमापांवरून घडवलेले असतील, तर त्यांचे उत्तर औंधच्या किंवा अकोल्याच्या माणसाला तसेच लावता येणार नाही. भारतीय शरीराची मोजमापे मॉडेलमध्ये कशी भरायची यासाठी लेखकांनी एक अख्खे प्रकरण दिले आहे, आणि या पुस्तकातले माझ्या मते ते सर्वांत मोलाचे काम आहे.

लेखक दोघे आहेत, एक औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षिका आणि एक शल्यविशारद, आणि पुस्तकावर दोघांचे हात दिसतात. वाचकाला अवकल समीकरणे येत नसली तरी अडत नाही. जमाखर्चाची वही ज्याला कळते त्याला कप्पे कळतील. मॉडेल कसे चालवायचे हे पीके-सिमवर दाखवले आहे, म्हणजे वाचक घरच्या संगणकावर सोबत करून पाहू शकेल. सर्व औषधांची यादी देण्याचा मोह त्यांनी टाळला. निवडक औषधे घेऊन प्रत्येकाचा माग गिळण्यापासून रक्तापर्यंत काढला, आणि जिथे भाकीत चुकले तिथे चुकलेला आलेखही छापला.

क्षयाच्या औषधांचा भाग हस्तलिखितात मी दोनदा वाचला. रिफाम्पिसिन आम्लात चांगले विरघळते, पण त्याच आम्लात आयसोनियाझिडच्या संगतीने नासतेही. पिशवीत आम्ल कमी असेल तर विरघळणे घटेल आणि नासाडीही घटेल. मॉडेल दोन्ही बाजू मांडते आणि थांबते, कारण शस्त्रक्रिया झालेल्या क्षयरुग्णांच्या रक्ताचे पुरेसे आकडे त्याला द्यायला नाहीत. लेखकांनी तिथे निष्कर्ष लिहिलेला नाही. गोळी घेतल्यावर कोणत्या तासांना रक्त घ्यावे, नमुना प्रकाशापासून कसा जपावा आणि किती लवकर गोठवावा, याचा तक्ता दिला आहे, आणि क्षयरुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनी आपले आकडे कळवावेत म्हणून पत्ता दिला आहे.